जुन्या यंत्रावरची युनिक्स

आमच्या शाळेत कपाटामागे एक संगणक तीन वर्षं पडून होता. 2 जीबी रॅम, कुरकुरणारी हार्ड डिस्क, आणि विंडोज सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद असल्यामुळे तो भंगारात टाकता येत नव्हता, आणि धड चालत नसल्यामुळे मुलांपुढे ठेवता येत नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत मी तो पुसून काढला आणि पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन बसलो. एक सहकारी हसत म्हणाले, "जुना डबा आणि फुकटचं सॉफ्टवेअर. उर्दू शाळेच्या नशिबी हेच."

बोलणं लागलं. तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते नंतर इतिहास वाचताना सापडलं.

लिनक्स ही युनिक्सच्या घराण्यातली. तिचा कोड नव्याने लिहिलेला आहे, पण चाल युनिक्सची. आणि युनिक्सचा जन्म कसल्या यंत्रावर झाला? 1969 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जने मल्टिक्स नावाच्या अवाढव्य प्रकल्पातून अंग काढून घेतलं. त्यावर काम केलेले केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांना नवा संगणक हवा होता. त्यांनी मागण्या केल्या, वरून नकार आले. (शाळेत काम करणाऱ्यांना हा भाग समजावून सांगायला नको.) शेवटी थॉम्प्सन यांना फारसा कोणी वापरत नसलेला एक पीडीपी-7 मिळाला. त्यावर त्यांनी आधी काय बसवलं, तर अवकाशप्रवासाचा खेळ! मग पत्नी लहान मुलाला घेऊन महिनाभर नातेवाइकांकडे गेलेली असताना, साधारण एकेका आठवड्यात एकेक भाग अशा हिशेबाने त्यांनी नव्या कार्यप्रणालीचा सांगाडा उभा केला.

त्या यंत्राची मेमरी 18 बिटांच्या 8,192 शब्दांची होती, म्हणजे आजच्या मोजमापाने जेमतेम 18 किलोबाइट. आमच्या कपाटामागच्या 'डब्या'ची त्याच्या लाखपट आहे.

पुढचा मोठा संगणक, पीडीपी-11, मिळवायला त्यांना कारण दाखवावं लागलं. कारण होतं टायपिंगचं. 1971 मध्ये बेल लॅब्जच्या पेटंट विभागातले टायपिस्ट युनिक्सवर अर्ज टाइप करू लागले. आज जगभरचे सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन ज्या घराण्यातल्या प्रणालींवर चालतात, तिची पहिली खरी नोकरी कारकुनी होती. 1973 मध्ये ती सी भाषेत पुन्हा लिहिली गेली, आणि एका विशिष्ट यंत्राला बांधलेली न राहता दुसऱ्या यंत्रांवर नेणं शक्य झालं.

बेल लॅब्जची मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. 1956 च्या कायदेशीर तडजोडीमुळे तिला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हतं, म्हणून युनिक्स विद्यापीठांना स्वस्तात, मूळ कोडसह मिळत गेली. बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी तिच्यात भर घातली. 1984 मध्ये कंपनीचं विभाजन झालं, बंधन सुटलं, आणि दार मिटू लागलं. त्याच सुमारास रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प सुरू केला होता. 1991 मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने घरच्या 386 संगणकावर लिहिलेला गाभा जाहीर केला, आणि 1992 मध्ये तो ग्नूच्या परवान्याखाली आणला.

हा परवाना वर्गात समजावताना मी वक्फचं उदाहरण देतो. मुफ्तीसाहेब त्यात दहा फरक काढतील, ते मान्य. पण विहीर एकदा लोकांसाठी दिली की तिला कुलूप लावायचं नाही, हे मुलांना चटकन कळतं. पैसे घ्यायला बंदी नाही, अडवून ठेवायला आहे.

तरी आमच्यासारख्यांपर्यंत ती पोचायला आणखी वर्षं गेली. 2000 मध्ये आलेल्या नॉपिक्सने सीडीवरूनच, काहीही न पुसता, प्रणाली चालवून पाहण्याची सोय रूढ केली. 2004 मध्ये उबंटू आली आणि मागणाऱ्याला सीडी फुकट टपालाने पाठवू लागली. तिच्याच पायावर 2006 मध्ये मिंट उभी राहिली. विंडोजची सवय असलेल्या माणसाला मेनू जिथे अपेक्षित आहे तिथेच सापडतो, हा तिचा मोठा गुण.

मी तिची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घेतली. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवली. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासले, मग बसवली. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये होताच. उर्दूही होती, पण अक्षरं नस्ख वळणात उमटली. आपल्या डोळ्यांना उर्दू नस्तालीकमध्येच हवी. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड हाताने लिहून 1981 मध्ये नूरी नस्तालीक संगणकावर आणलं, त्यामागे हीच ओढ होती. नोटो नस्तालीक उर्दू हा मोफत फाँट टाकल्यावर 'बिस्मिल्लाह' जशी दिसायला हवी तशी दिसली.

सगळं साधलं असं नाही. ब्राउझरमध्ये चौथं पान उघडलं की यंत्र दम टाकतं. माझ्या पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका एका विंडोजच्या उर्दू सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्या इथे उघडत नाहीत. त्यांच्यासाठी ऑफिसातला संगणक धरूनच आहे. नवे पेपर मात्र मी युनिकोडमध्येच टाइप करतो.

आठवीच्या एका मुलीने परवा त्यावर आपलं नाव आधी उर्दूत, मग मराठीत लिहिलं आणि विचारलं, "सर, घरी पेन ड्राइव्हवर नेऊ का?" परवान्यात तशी मुभा आहे, म्हणून हो म्हटलं.

कपाटामागे अजून एक यंत्र आहे, 32 बिटांचं. मिंटच्या मुख्य आवृत्त्यांनी 2020 पासून तसल्या यंत्रांना रजा दिली आहे. त्यासाठी दुसरं काही शोधावं लागेल.