वऱ्हाडी, अहिराणी, तिबेटी आणि सर्बियन: बोलींची तुलना

बुलडाणा जिल्ह्यातील मोताळा तालुका वऱ्हाडात मोडतो. पश्चिमेला लागून जळगाव जिल्हा, म्हणजे खानदेश. त्यामुळे वऱ्हाडी बोलणाऱ्या या भागाला खानदेशी बोलींचा शेजार आहे.

वऱ्हाडी आणि अहिराणी

दोन्हींत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा ‘डोया’, काळा ‘काया’. ‘तुला’ऐवजी दोन्हींत ‘तुले’ म्हणतात. मात्र ‘माझा’ला वऱ्हाडीत ‘माहा’, अहिराणीत ‘मना’. ‘आहे’ला वऱ्हाडीत ‘हाये’, अहिराणीत ‘शे’. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात वऱ्हाडी मराठीच्या खंडात (१९०५) आहे, तर खानदेशी भिल्ल भाषांच्या खंडात (१९०७).

तिबेटी

तिबेटीचे तीन मोठे बोलीगट आहेत: उ-त्सांग, खाम आणि आमदो. ल्हासाच्या बोलीत सुरावरून शब्दाचा अर्थ बदलतो. आमदोत तसे होत नाही. ‘घोडा’ लिहिताना ‘र्ता’ लिहितात. ल्हासात त्याचा उच्चार ‘ता’, तर तिबेटीच्या कुळातल्या लडाखीत ‘स्ता’. ल्हासा आणि आमदोच्या माणसांना एकमेकांचे बोलणे समजणे अवघड जाते, पण धम्मग्रंथांची लिखित भाषा दोघांची एकच आहे.

सर्बियन

सर्बियनने उलटी वाट धरली. वुक कराजिच यांनी १८१८च्या शब्दकोशात बोलण्याप्रमाणे लेखन हे तत्त्व वापरले. दुधाला बेलग्रेडमध्ये ‘म्लेको’, तर बोस्नियातील सर्बांत ‘म्लियेको’ म्हणतात. दोन्ही रूपे प्रमाण मानली जातात.

बुद्धवचन आणि बोली

विनयपिटकातील चुल्लवग्गात हा प्रश्न थेट येतो. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदसात, म्हणजे वैदिक धाटणीच्या भाषेत, बांधण्याची परवानगी मागितली. बुद्धांनी ती नाकारली आणि ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्यास सांगितले. पाचव्या शतकातील बुद्धघोषांनी त्याचा अर्थ बुद्धांची मागधी असा केला. अनेक आधुनिक अभ्यासक ‘ज्याच्या त्याच्या भाषेत’ असा करतात. अर्थाचा वाद आहे, पण छंदसाला नकार स्पष्ट आहे.

सम्राट अशोकांनीही एकच उच्चार लादला नाही. गिरनारच्या शिलालेखात ‘राजा’ आहे, ओडिशातील धौलीत ‘लाजा’. तिथे ‘ल’ अशुद्ध नव्हता. मग आपला ‘डोया’ अशुद्ध कसा?

आपल्यासाठी

विहारात पुस्तकी मराठीच चालते असे वाटून अनेक आयाबाया आणि म्हातारी माणसे गप्प बसतात. गाथा पालीत म्हणा, लेख प्रमाण मराठीत लिहा. पण पंचशीलाचा अर्थ सांगताना, चर्चा करताना गावाची बोली वापरा. ‘मले समजलं नाही’ असे कुणी म्हटले, तर ‘मले’ सुधारू नका. काय समजले नाही, ते विचारा.