पाटणादेवीची पाटी आणि पाटणचा शिलालेख

चाळीसगावाहून कन्नडकडे निघालात की दोन नावं समोर येतात. एक औट्रम घाट. 1825 मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव घाटाला चिकटलं आणि राहिलं. त्या पलटणीतल्या भिल्लांपैकी कुणाचं नाव घाटाला मिळालं नाही. दुसरं पाटणादेवी. हे नाव निघालं की मागोमाग भास्कराचार्य येतातच. "त्यांची जन्मभूमी", असं माहितीपत्रकं सांगतात, गाडीवालेही सांगतात.

आपण संशोधन करणारे. मग या वाक्याचं काय करायचं? माझं म्हणणं असं, की ते लगेच उचलू नका आणि लगेच खोडूही नका. आधी विचारा, हे वाक्य आलं कुठून?

ते आलं पाटणच्या शिलालेखावरून. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1860 च्या दशकात तो उजेडात आणला, पुढे कीलहॉर्नने 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात तो छापला. आता लेख काय सांगतो ते बघा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे आणि घराण्याचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला. यादवांचे मांडलिक निकुंभ, त्यांतल्या सोइदेवाने त्याला देणगी दिली, धाकट्या भावाने, हेमाडिदेवाने, ती पुढे चालवली.

जन्माबद्दल लेखात अक्षर नाही. स्वतः भास्कराचार्य आपला जन्मशक 1036 देतात आणि गाव सांगतात सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड. ते विज्जडविड म्हणजे पाटण, की बीड, की विजापूर, यावर विद्वान अजून भांडतात.

इथेच थांबून "पाटी खोटी" असं लिहून टाकायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण लेख पुन्हा वाचला तर एक शब्द अडवतो. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याला जैत्रपाल राजाने "या पुरातून" नेलं आणि पंडितांचा मुख्य केलं, असं तिथे म्हटलंय. म्हणजे मुलाच्या काळात तरी घराणं पाटणला होतं. चाळीसगाव तालुक्यातच बहाळला शके 1144 चा आणखी एक लेख आहे, भास्कराचार्यांच्या भावाच्या नातवाचा, अनंतदेवाचा. तेव्हा घराण्याचं गाव म्हणा, पुराव्याला ते पेलतं. जन्मगाव म्हणायला उडी मारावी लागते.

तारखेचंही असंच. लेखात शके 1128 आहे. सवयीने 78 मिळवले की इ.स. 1206. पण त्याच लेखात प्रभव संवत्सर आहे आणि श्रावणी पौर्णिमेचं चंद्रग्रहण आहे. प्रभव येतो शके 1129 ला. ग्रहणही धरलं तर दिवस निघतो 9 ऑगस्ट 1207. म्हणून पुस्तकांत दोन्ही सनं सापडतात. तुम्ही कुठलंही घ्या, पण का घेतलं ते प्रबंधात लिहा. व्हायवाला हाच प्रश्न येतो!

मला मात्र या लेखाचा शेवट जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि माहितीपत्रकांत नेमका तोच नसतो. वरचा सगळा भाग संस्कृतात, राजे आणि पंडितांच्या वंशावळी. शेवटी भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते, कारण आता बाजाराशी बोलायचं आहे. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यातून मठाला काय द्यायचं, ते तिथे आहे. जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल, शिवाय सुपाऱ्या. सिद्धांतशिरोमणी शिकवणाऱ्या मठाचा दिवा खानदेशातल्या तेल्यांच्या पळीवरही जळत होता, म्हणा ना. तेलाची ही पळी हिशेबात घेतली की पाटण हे एका थोर माणसाचं नुसतं स्थळ राहत नाही. तिथे पेठ दिसते, घाणे दिसतात, वसुली दिसते. आज तिथे गौताळा अभयारण्याचं जंगल आहे, त्यामुळे हे डोळ्यांना सुचत नाही, कागदावरच सुचतं.

एक व्यवहाराची गोष्ट. कागद शोधायला निघाल तेव्हा जिल्ह्याचं नाव सांभाळा. 1880 च्या गॅझेटियरमध्ये सगळं खानदेश या एकाच खंडात आहे. 1906 ला पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले, 1960 नंतर जळगाव आणि धुळे, 1998 ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. कॅटलॉगमध्ये नुसतं "जळगाव" टाकून पाटण सापडलं नाही म्हणून हात हलवत परतू नका.

मराठी ओळी वाचायच्या तर शं. गो. तुळपुळे यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' काढा. वंशावळ नंतर वाचली तरी चालेल, आधी घाण्यांची ओळ वाचा.