‘ड्राइव्ह’ : एका भागाची नांदी

दूरचित्रवाणीचा इतिहास सांगताना मालिकांची नोंद होते, त्यांतील सुट्या भागांची क्वचितच. तथापि एखादा भाग पुढील मोठ्या कृतीची नांदी ठरतो. ‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेतील ‘ड्राइव्ह’ हा असाच एक भाग आम्ही मानतो.

विन्स गिलिगन यांनी लिहिलेला हा भाग १५ नोव्हेंबर १९९८ रोजी प्रक्षेपित झाला. नेवाडातील पॅट्रिक क्रम्प या इसमास विलक्षण व्याधी जडली आहे. नौदलाच्या यंत्रणेतून निघालेल्या लहरींमुळे त्याच्या डोक्यात दाब वाढत जातो. वेगाने पश्चिमेकडे जात राहिले तरच तो सोसवतो. म्हणून तो तपास अधिकारी मल्डर याला ओलीस धरून मोटार हाकायला लावतो. क्रम्प तोंडाळ आहे, ज्यूंचा द्वेष करणारा आहे. तरीही पॅसिफिकचा किनारा जवळ येतो, पुढे रस्ताच उरत नाही, तेव्हा त्याच्या मरणाने आपणही हळहळतो. लेखकाने त्याला सज्जन केले नाही. माणूस मात्र राहू दिले. ब्रायन क्रॅन्स्टन यांनी ही भूमिका केली.

पुढे २००० ते २००६ या काळात ‘माल्कम इन द मिडल’मधील वेंधळा बाप म्हणून क्रॅन्स्टन लोकप्रिय झाले. साहजिकच, गिलिगन यांनी ‘ब्रेकिंग बॅड’साठी त्यांचे नाव पुढे केले तेव्हा एएमसी वाहिनीचे अधिकारी साशंक झाले. गिलिगन यांनी त्यांना ‘ड्राइव्ह’ दाखविला आणि शंका फिटली.

ही मालिका २० जानेवारी २००८ रोजी सुरू झाली. कर्करोगाने ग्रासलेला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट अमली पदार्थ बनवू लागतो. येथेही मृत्यूची मुदत देहातच दडलेली. येथेही तिटकारा आणि करुणा एकत्र नांदतात. फरक इतकाच की, क्रम्पवर आपत्ती लादली गेली होती, तर व्हाइट अधःपतनाची वाट स्वतः निवडतो. ६२ भागांनंतर, २०१३ मध्ये मालिका संपली. या भूमिकेने क्रॅन्स्टन यांना चार एमी पुरस्कार मिळवून दिले.

नटावर एका भूमिकेचा शिक्का बसतो, हे आपल्या रंगभूमीलाही नवे नाही. येथे तो शिक्का पुसला गेला, तो दहा वर्षांपूर्वी प्रामाणिकपणे केलेल्या एका छोट्या कामामुळे. आठवड्यापुरते म्हणून केलेले कामही असे वेळेला साक्षीस उभे राहते, हेच आम्हांस मोलाचे वाटते.