पलटणीचं कालवण

गेल्या शनिवारी रात्री आम्ही तिघं एका भांड्यात जेवलो. म्हणजे अगदी खरोखर एका भांड्यात. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर रटरटणारं पसरट पातेलं आणि त्यात तिघांच्या चॉपस्टिक्स. आमच्या आजीनं हे पाहिलं असतं तर "उष्टं-खरकटं काही आहे की नाही तुम्हाला?" म्हणून पानावरून उठली असती. :)

कामासाठी सध्या दोन महिने सांता क्लाराला आहे. इथल्या एल कामिनो रियल रस्त्यावर एक पट्टा असा आहे, की दुकानांच्या पाट्या इंग्रजीपेक्षा कोरियन लिपीतच जास्त. त्यातलं एक कोरियन-जपानी हॉटेल आमच्या टीममधल्या कोरियन मित्रानं निवडलं. सोबत टीममधलीच एक जपानी मुलगी. मेन्यूच्या डाव्या पानावर जपान: शाबू-शाबू आणि सुकियाकी. उजव्या पानावर कोरिया, आणि त्यात सगळ्यात वर बुदे-जिगे.

मी बीफ खात नाही म्हटल्यावर सुकियाकी बाद झाली. बराच खल होऊन बुदे-जिगे आलं. लालभडक रस्सा, त्यात किमची, टोफू, मशरूम... आणि डब्यातल्या स्पॅमचे काप, सॉसेजचे तुकडे, उकडलेल्या बीन्स, वर चीजची पिवळीधमक चौकोनी स्लाइस, आणि सगळ्यांच्या माथ्यावर मॅगीच्या वडीसारखी इन्स्टंट नूडल्सची वडी. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "वा! हजार वर्षांची परंपरा दिसतेय."

मित्र खो खो हसला. "हजार कसली? हे माझ्या बापापेक्षा लहान आहे."

आणि मग नूडल्स शिजेपर्यंत त्यानं जे सांगितलं, त्यामुळे माझा अख्खा रविवार वाचण्यात गेला. तोच रविवार आज तुमच्या माथी मारतोय.

आधी डावं पान बघू. शाबू-शाबू म्हणजे कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या साध्या उकळत्या पाण्यात कागदासारखा पातळ मांसाचा काप चॉपस्टिकनं धरून दोनदा-तीनदा हिंदकळवायचा, तिळाच्या नाहीतर आंबट चटणीत बुडवायचा आणि खायचा. कापड पाण्यात खळबळताना येतो तसा तो आवाज, म्हणून नाव शाबू-शाबू. ऐकताना वाटतं, सामुराई लढाईहून आले की हेच जेवत असणार. पण हे नाव ठेवलं ओसाकातल्या सुएहिरो नावाच्या हॉटेलनं, १९५२ साली! बरं, पदार्थाचं मूळही जपानी नाही. बीजिंगमध्ये तांब्याच्या बंबासारख्या भांड्यात, मधल्या नळीत कोळसे घालून, मटणाचे पातळ काप उकळून खायची जुनी पद्धत. तिथलं डोंगलाइशुन हे त्यासाठीचं प्रसिद्ध मुसलमानी हॉटेल १९०३ सालचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी डॉक्टर म्हणून चीनमध्ये राहिलेल्या योशिदा शोया यांनी परतल्यावर ती पद्धत क्योतोत सांगितली, मटणाच्या जागी बीफ आलं आणि तिथून पुढे शाबू-शाबू. म्हणजे जपानी सैन्य चीनमध्ये घुसलं नसतं, तर हे भांडंही कदाचित जपानमध्ये आलं नसतं.

सुकियाकी थोडी जुनी. पण तिची गोष्ट म्हणजे एका बंदीची गोष्ट. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूनं फर्मान काढलं: गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस एप्रिल ते सप्टेंबर खायचं नाही. त्यामागे बौद्ध धर्म होताच, पण महिने बघा, शेतीच्या हंगामाचे आहेत. नांगराचा बैल कापून खाल्ला तर भात कोण पिकवणार? पुढे अशी फर्मानं वरचेवर निघत राहिली आणि हजार-बाराशे वर्षांत ती नुसती बंदी राहिली नाही, लोकांची किळस झाली. बीफ म्हणजे औषध म्हणून, चोरून, फार तर.

मग १८५० च्या दशकात अमेरिकेच्या तोफा बंदरात येऊन उभ्या राहिल्या, आणि नव्या राज्यकर्त्यांच्या डोक्यात बसलं की हे गोरे बलदंड आहेत कारण ते मांस खातात. १८७२ च्या जानेवारीत सम्राट मेइजीनं बीफ खाल्ल्याची बातमी मुद्दाम जाहीर केली गेली. महिनाभरात दहा डोंगरवासी साधक राजवाड्यात घुसले. मांस खाऊन देश बाटला, देव निघून गेले, असं त्यांचं म्हणणं. झटापटीत त्यातले निम्मे मारले गेले. जेवणासाठी! (आपल्याकडे हे वाचून कुणालाच आश्चर्य वाटणार नाही, हे वेगळं.)

पण तोवर योकोहामा-तोक्योत ग्युनाबे म्हणजे बीफच्या हंडीची दुकानं निघाली होती. कानागाकी रोबुन या लेखकानं तर १८७१-७२ मध्ये अशाच दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांवर एक अख्खं विनोदी पुस्तक लिहिलं. हंडीभोवती बसून बीफ खातो तो सुधारलेला, बाकी सगळे मागासलेले, अशी हवा. आपल्याकडे 'सुधारक' मंडळींच्या चहा-बिस्किटांवरून रण माजलं, त्याच्या वीस वर्षं आधी.

सुकियाकी हे नाव मात्र तोक्योचं नाही, पश्चिमेकडचं, ओसाका-क्योतो भागातलं. ते तोक्योत रुळलं १९२३ नंतर. आणि इथे मी वाचताना थबकलो.

१ सप्टेंबर १९२३, दुपारचे बाराला दोन मिनिटं कमी. घराघरांत शेगड्या पेटलेल्या. कांतो भूकंप झाला, आगी लागल्या, तोक्यो-योकोहामा भाजून निघालं, एक लाखाहून जास्त माणसं गेली. ग्युनाबेची दुकानं बसली. लोक पश्चिमेला गेले आणि तिथल्या पद्धतीच्या सुकियाकीची चव लावून घेऊन परतले. नंतर तिकडच्या स्वयंपाक्यांनीही तोक्योत येऊन दुकानं थाटली. खाद्यसंस्कृतीचे लेख इथंच थांबतात.

पण त्याच आठवड्यात त्याच शहरात आणखी एक गोष्ट झाली. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, १९१० पासून. मजुरीसाठी आलेले हजारो कोरियन तोक्योच्या आसपास राहत होते. अफवा उठली, कोरियन लोक विहिरींत विष घालताहेत. गल्लोगल्ली टोळ्या उभ्या राहिल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून "पंधरा येन पन्नास सेन" जपानीत म्हणून दाखवायला लावायच्या. कोरियन जिभेला त्यातला पहिला 'जू' नीट जमत नाही. जमला नाही की संपला. काठ्या, बांबूचे भाले, तलवारी. हजारो माणसं मारली गेली, त्यात टोळ्यांबरोबर पोलीस आणि लष्करातलेही होते.

शनिवारी आमच्या टेबलावर त्या दोघांनी यातला अवाक्षर काढला नव्हता. ती त्याच्या वाटीत रस्सा वाढत होती, तो तिला "नूडल्स मऊ होतील, आधी त्या घे" म्हणत होता. मेन्यूच्या दोन पानांच्या मधली ती घडी मला रविवारी दिसली.

आता उजवं पान. 'जिगे' म्हणजे रस्सा, कालवण. 'बुदे' म्हणजे लष्कराची तुकडी. थोडक्यात, पलटणीचं कालवण.

१९५० ते ५३ च्या कोरियन युद्धात देश वरपासून खालपर्यंत दोनदा तुडवला गेला. शेतं गेली, घरं गेली. अन्न मुबलक होतं ते फक्त एका ठिकाणी, अमेरिकन छावण्यांत. छावणीच्या भटारखान्यातलं उरलंसुरलं बाहेर यायचं, ते एकत्र उकळून बाजारात वाटीवर विकायचे. त्याला नाव होतं 'क्कुल्क्कुली-जुक'. म्हणजे डुकराची पेज. त्यात कधी मांसाचा तुकडा लागायचा, कधी सिगारेटचं थोटूक. उष्टं-खरकटं म्हणून मी वर जो विनोद केला, तो हे वाचल्यावर मलाच खायला उठला.

मग हळूहळू डबे बाहेर येऊ लागले: स्पॅम, सॉसेज, बीन्स. छावणीतला माल बाहेर विकणं गुन्हा, त्यामुळे सगळं चोरटं. सोलच्या उत्तरेला उईजंगबू गावाभोवती छावण्याच छावण्या. तिथे १९६० मध्ये हो गी-सुक नावाच्या बाईंनी एक टपरी टाकली. छावणीतले कामगार त्यांना हॅम, सॉसेज आणून द्यायचे. आधी त्या ते नुसतं परतून द्यायच्या. भाताबरोबर काहीतरी ओलं हवं म्हणून त्यात किमची, मिरचीची पेस्ट आणि पाणी घातलं. झालं कालवण! टपरीचं नाव 'ओदेंग सिकदांग'. त्यातला ओदेंग हा जपानी शब्द 'ओदेन', माशाच्या वड्यांच्या हंडीचा. म्हणजे राज्यकर्ते गेले, त्यांचा शब्द टपरीच्या पाटीवर राहिला. १९६६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन कोरियात येऊन गेले, तेव्हापासून या कालवणाला 'जॉन्सन-तांग' असंही नाव पडलं. कालवणातल्या खट्याळपणाची ही खास कोरियन फोडणी.

आणि ती नूडल्सची वडी? तिची गोष्ट मला सगळ्यात आवडली. जन जुंग-युन नावाचा एक विमा कंपनीतला माणूस. सोलच्या नामदेमुन बाजारात त्यानं लोकांना डुकराच्या पेजेसाठी रांगा लावून उभं असलेलं पाहिलं. त्यानं सामयांग कंपनी काढली आणि इन्स्टंट नूडल्सचं तंत्र शिकायला तो गेला कुठे, तर जपानला. म्योजो फूड्स या जपानी कंपनीनं त्याला तंत्र दिलं, आणि तेही फुकट. १९६३ च्या सप्टेंबरात कोरियाचं पहिलं नूडल्सचं पाकीट निघालं, किंमत १० वॉन. जपान-कोरिया यांचे राजनैतिक संबंधसुद्धा तेव्हा सुरू झाले नव्हते, ते झाले १९६५ मध्ये. मेन्यूच्या दोन पानांमधल्या घडीत रक्त आहे, हे खरं. पण ही वडीही त्याच घडीतून आलेली आहे.

पुढे कोरिया श्रीमंत झाला. स्पॅम १९८७ पासून तिथेच बनू लागलं, आणि आता चुसोकच्या सणाला त्याचे डबे मखमली खोक्यातून भेट देतात, आपल्याकडे दिवाळीला सुकामेवा देतात तसे. उईजंगबूत पलटणीच्या कालवणाची एक अख्खी गल्ली आहे. आणि तिथली कॅम्प रेड क्लाउड ही छावणी २०१८ मध्ये बंद झाली. पलटण गेली, कालवण राहिलं.

मित्र म्हणाला, "माझा आजोबा त्या पेजेच्या रांगेत उभा राहिलेला. त्यानं मरेपर्यंत बुदे-जिगेला हात लावला नाही. वास आला तरी उठून जायचा. माझा बाप मित्रांबरोबर सोजू पीत हेच खातो आणि वर सांगतो, आम्ही कसे दिवस काढले. आणि मी इथे कॅलिफोर्नियात बसून जास्तीची चीज मागवतो."

रविवारी रात्री घरी फोन केला. आमचं मूळ गाव सांगोल्याकडे. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, हे लहानपणापासून ऐकलेलं. तेव्हा रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिकडे ती मुख्यतः गुरांना घालतात. अजूनही आमच्या घरात कुणी लाल ज्वारी आणली तर आजी पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवायला लावते. आम्ही नातवंडं यावर हसायचो. गंमत म्हणजे इथल्या दुकानात तीच ज्वारी दळून, छान पाकिटात घालून, 'ग्लूटेन-फ्री' म्हणून गव्हाच्या कितीतरी पट भावानं विकतात.

मी विचारलं, "आजी, मिलोची भाकरी लागायची कशी गं चवीला?"

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मला वाटलं, कॉल कटला.

"चव कुणी बघितली? भाकरी थापताना मोडायची, एवढं ध्यानात हाय. तुझा बा तव्यावरचे तुकडेच खायचा. हसत खायचा मेला."

आपण ज्याला परंपरा म्हणतो, ती बहुतेकदा अशीच तव्यावरची मोडकी भाकरी असते. एक पिढी ती नाइलाजानं खाते, दुसरी हसत खाते आणि तिसरी तिचा फोटो काढते. त्या तिसऱ्या पिढीला चव घ्यायला कुणाची हरकत नाही. फक्त पहिली पिढी पानावरून उठून का जाते, तेवढं तिला एकदा विचारून ठेवावं. ती आहे तोवरच.

असो. कधी बुदे-जिगे मागवलंत तर नूडल्स आधी संपवा, मऊ पडल्या की मजा जाते. येताना इथून ज्वारीच्या पिठाचं ते पाकीट घेऊन यायचा विचार होता. रहित केलाय. उंबऱ्याबाहेरच राहायचं ते.