मिनेटांची बॅट

परवा एका विमानतळावर तपासणीच्या रांगेतून नेमकं मलाच बाजूला घेतलं. दाढीमुळे असेल. "बाबा, तुलाच का?" लेकीने विचारलं. विमानात बसल्यावर तिला नॉर्मन मिनेटांची गोष्ट सांगितली.

१९४२ साल. कॅलिफोर्नियातला जपानी वंशाचा, दहा वर्षांचा नॉर्मन घरच्यांबरोबर छावणीकडे नेणाऱ्या आगगाडीत चढत होता. हातात बेसबॉलची बॅट. हत्यार म्हणून वापरता येईल, असं म्हणत लष्करी पोलिसांनी ती काढून घेतली. सुमारे १,२०,००० लोक असे डांबले गेले, केवळ वंश बघून.

११ सप्टेंबर २००१ ला हेच मिनेटा अमेरिकेचे वाहतूकमंत्री होते. अरब, मुसलमान दिसणाऱ्यांनाच तपासा, असा तेव्हा ओरडा होता. मिनेटा बधले नाहीत. २१ सप्टेंबरला त्यांच्या खात्याने विमान कंपन्यांना बजावलं, की वंश, धर्म किंवा रूप बघून प्रवाशांशी भेदभाव करू नका. तरी तक्रारी आल्याच. २००४ मध्ये एका बड्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर १५ लाख डॉलर खर्च करायचं कबूल करावं लागलं.

तपासणीला माझी ना नाही. त्याच विमानात माझी लेकही असते. पण चेहरा बघून नको.

असो. लेकीचा प्रश्न वेगळाच होता: "मग त्याची बॅट परत दिली का?"