उरलेलं जठर

29 जानेवारी 1881, व्हिएन्ना. थिओडोर बिलरोथ यांच्या शस्त्रक्रियागृहात तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात. क्लोरोफॉर्मचा वास नाकात शिरतोय. टेबलावर 43 वर्षांची बाई आहे. कर्करोगानं तिच्या जठराचं खालचं तोंड बंद केलंय, पोटात अन्न ठरत नाही. दीडेक तासात बिलरोथ रोगट भाग कापून काढतात आणि उरलेलं जठर रेशमी टाक्यांनी आतड्याला जोडतात. बाई वाचते, जेवू लागते. चार महिन्यांनी पसरलेला कर्करोग तिला गाठतो. जोड मात्र टिकलेला असतो.

त्या जोडाच्या भरवशावर पुढे अल्सरच्या असंख्य रोग्यांचं जठर कापलं गेलं. 1922 सालच्या मेयो क्लिनिकमध्ये या. डोनाल्ड बाल्फर अल्सरच्या जुन्या रोग्यांचं पुढे काय झालं ते तपासतायत. अल्सर गेला, पण काहींच्या उरलेल्या जठरात कर्करोग उगवलाय. जठराच्या तोंडाची झडप गेली की पित्त उलटं वर येतं. आम्ल घटल्यानं जंतू माजतात. अस्तर वर्षानुवर्षं सोलवटत राहतं. धोका वाढतो तो पंधरा-वीस वर्षांनी, माणूस ऑपरेशन विसरल्यावर. शिवाय दोन घास खाल्ले की पोट भरणं, रोडावणं, रक्त कमी होणं, हे सगळं ‘जुन्या ऑपरेशनमुळे’ म्हणून सोडून दिलं जातं. मला यात सर्वांत क्रूर हेच वाटतं.

2006, टोकियो. पडद्यावर पासष्टीच्या एका गृहस्थांचं जठर दिसतंय. तिशीत अल्सरसाठी कापलेलं. त्यांना काहीही त्रास नाही, नेमानं दुर्बिणीची तपासणी करतात एवढंच. डॉक्टर आधी साचलेलं पित्त शोषून घेतात, मग निळा रंग फवारतात. जोडाशेजारी नखाएवढा लालसर, खोलगट डाग उठून दिसतो. तुकडा तपासून झालाय: कर्करोग, पण अस्तरापुरताच. डागाखाली द्रव टोचून अस्तर फुगवतात. टोकाला चिनीमातीची गोळी असलेली सुरी फिरू लागते. गोळीमुळे भिंतीला भोक पडण्याची भीती कमी होते. जुन्या टाक्यांपाशी व्रण घट्ट आहे, अस्तर उचललं जात नाही. तिथे डॉक्टरांचा हात फार सावकाश चालतो.

रोग खोल असता तर उरलेलं जठर सबंध काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडावी लागली असती, आणि जन्मभर बी-12ची इंजेक्शनं. आज पोट न उघडता भागलं. पण बाकीचं अस्तरही तितकीच वर्षं पित्तात भिजलंय, म्हणून पुढच्या तपासणीची तारीख डॉक्टर आजच ठरवून देतात.