पडद्यावरचा बॅले आणि कामकऱ्याचा डोळा



बॅले हा राजदरबारात वाढलेला नाच. फ्रान्सचा चौदावा लुई स्वतः नाचत असे. त्यानेच १६६१ साली पॅरिसला नृत्याची अकादमी काढली. पुढे रशियाच्या राजघराण्याने तो पोसला आणि १७३८ साली सेंट पीटर्सबर्गला त्याची शाळा निघाली. आंबिवलीच्या कामगारवस्तीत त्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, सिनेमाने या दरबारी कलेचे दार आपल्याला उघडून दिले; मात्र एक गोष्ट दाराआडच राहिली. ती कोणती, तेवढेच आज पाहावयाचे आहे.

१९५५ साली सोव्हिएत रशियात ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ या बॅलेचा रंगीत चित्रपट निघाला. संगीत प्रोकोफिएव्हचे, नृत्यरचना लाव्रोव्स्कीची आणि ज्युलिएट झाली होती गालिना उलानोवा. ज्युलिएट पुरती चौदा वर्षांचीही नाही; उलानोवा पंचेचाळीस वर्षांची. नाट्यगृहात मागच्या रांगेतल्या माणसाला हे वय दिसत नाही. कॅमेरा जवळ गेला की दिसते. तरीही ती पाद्रीबाबांकडे धाव घेते तेव्हा वयाचा हिशेब आपण विसरतो. मागच्या रांगेचे तिकीटही ज्याला परवडले नसते, त्याला सिनेमाने पहिल्या रांगेच्याही पुढे नेऊन बसवले. हा उपकार लहान नव्हे.

पण चेहरा जवळून दाखवावयाचा म्हटला की पाय चौकटीबाहेर जातात. आणि बॅलेचे काम तर पायांचे! नर्तिकेच्या जोड्याच्या टोकात लोखंड नसते. कापड आणि कागद यांचे थर खळीने चिकटवून कारागीर ते टोक घट्ट करतो, वरून साटीन चढवतो. असा जोड कधीकधी एका प्रयोगातच निकामी होतो. आपल्या मोहन्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षे कृत्रिम रेशमाचा धागा निघत असे. झुळझुळीत कापडामागे किती हात राबतात, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

तीच गोष्ट मागच्या रांगेची. १८७७ साली मॉस्कोत प्रथम झालेल्या ‘हंस सरोवर’ या बॅलेत नायिका नाचते, तेव्हा बाजूच्या हंसिणी एकाच ठेवणीत तिष्ठत उभ्या असतात. पायांत गोळे आले तरी हलावयाचे नाही. कॅमेरा नायिकेमागे गेला की हे सांघिक कष्ट प्रेक्षकाला दिसेनासे होतात.

आपल्याकडे उदय शंकर यांनी हे ओळखले होते. १९२३ साली ते लंडनला आना पाव्हलोव्हाबरोबर नाचले. १९४८ साली त्यांनी ‘कल्पना’ हा चित्रपट काढला, आणि त्यात यंत्र व मजूर यांनाच नाचाचा विषय केले.

यानंतरची हकीकत मुंबई परिसरातील आहे. वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह आणि टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान हे दोघे बॅले शिकले. अमिरुद्दीन २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. या दोघांवरून २०२० साली ‘ये बॅले’ हा चित्रपट निघाला. त्यात मनीषने स्वतःचीच भूमिका केली. बघ्यांच्या गर्दीतला माणूस आता पडद्यावर गेला.

म्हणून माझी विनंती एवढीच. आता बॅले मोबाइलवरही पाहता येतो. तो मुलांना दाखवा, नायिकेचे कौतुकही करू द्या. फक्त अधूनमधून विचारा, “बाळा, मागच्या रांगेतली ती चौथी मुलगी कशी उभी आहे, पाहिलेस का?”